वलंदाजांचा देश

युरोपच्या वायव्येस, उत्तर समुद्राच्या काठी, नेदर्लंड्स नावाचा एक चिमुकला देश आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत ज्यांना ‘वलंदाज’ म्हटले आहे आणि सतराव्या शतकात ज्यांनी वेंगुर्ल्यास वखार घातली, त्या डच लोकांचा हा देश. ‘नेदर्लंड्स’ या नावाचा अर्थच मुळी ‘सखल भूमी’ असा आहे. देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीपेक्षाही खाली आहे. जुनी टुमदार शहरे, कालवे आणि पवनचक्क्या पाहण्यासाठी प्रवासी येथे येतात. परंतु ज्या गोष्टींचे सौंदर्य पाहून ते मुग्ध होतात, त्यांतील बहुतेक गोष्टी सौंदर्यासाठी निर्माण झालेल्याच नाहीत. पाण्याशी शतकानुशतके चाललेल्या झुंजीतून त्या निपजल्या आहेत.

ॲम्स्टरडॅम ही या देशाची राजधानी. सतराव्या शतकात खणलेल्या कालव्यांनी जुन्या शहरास अर्धवर्तुळाकार वेढे घातले आहेत. त्यांच्या काठी विटांची उंच व अरुंद घरे एकमेकांस खेटून उभी आहेत. प्रत्येक घराच्या माथ्याशी एक तुळई पुढे आलेली दिसते व तिला आकडा असतो. घरांतील जिने फार चिंचोळे. म्हणून जड सामान दोराने वर ओढून खिडकीतून आत घेण्याची ही युक्ती! येथील जमीन दलदलीची असल्यामुळे इमारतींना आधार देण्यासाठी लाकडी खांब जमिनीत खोलवर ठोकावे लागत. १६४८ मध्ये बांधावयास घेतलेला नगरगृहाचा भव्य प्रासाद, जो पुढे राजवाडा झाला, तो अशा १३,६५९ खांबांवर उभा आहे.

ॲम्स्टरडॅमच्या नैर्ऋत्येस लायडन हे जुने विद्यानगर आहे. १५७४ मध्ये स्पेनच्या सैन्याने या शहरास वेढा घातला होता. अन्नावाचून माणसे मरू लागली, तरी नगरवासी शरण गेले नाहीत. अखेर डचांनी आपल्याच हातांनी बांध फोडले. शेतांवर पाणी पसरले, शत्रूस माघार घ्यावी लागली आणि त्याच पाण्यावरून सपाट तळाच्या नावा अन्न घेऊन आल्या. ३ ऑक्टोबर रोजी शहर मुक्त झाले. हेरिंग मासे व पांढरा पाव खाऊन लायडनचे लोक आजही तो दिवस साजरा करतात. पुढच्याच वर्षी तेथे विद्यापीठ स्थापन झाले.

शहरे मागे टाकून दक्षिणेकडे गेले की हिरवीगार कुरणे, संथपणे चरणाऱ्या गाई आणि रेघ मारल्यासारखे सरळ पाट दिसू लागतात. बांध घालून व आतले पाणी उपसून मिळविलेल्या अशा जमिनीस ‘पोल्डर’ म्हणतात. पावसाचे व झिरपून येणारे पाणी तेथे सतत साचते. उपसा थांबला तर कुरणाचे पुन्हा तळे होईल! पूर्वी हे काम पवनचक्क्या करीत. किंडरडाइक या गावी बहुतांशी अठराव्या शतकातील अशा एकोणीस चक्क्या अद्याप उभ्या आहेत. वाऱ्याने पाती फिरली की दातेरी चाकांच्या योगे खालचे मोठे चाक फिरे आणि पाणी वरच्या कालव्यात उचलून टाकी. तेथून ते नदीत सोडले जाई. चक्कीवाला आपल्या कुटुंबासह चक्कीतच राही. घरात आनंद आहे की दुःख, हे तो पाती विशिष्ट स्थितीत थांबवून शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवीत असे. आता हे काम मुख्यतः यांत्रिक पंप करतात.

तथापि समुद्र कधी गाफील गाठील याचा नेम नसतो. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री वादळ व उधाणाची भरती एकाच वेळी आली. नैर्ऋत्येकडील अनेक बांध फुटले व १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच सुमारास नीयूवरकर्क गावाजवळ एका नदीच्या बांधास भगदाड पडले. त्या बांधाच्या आड लक्षावधी लोकांची वस्ती होती. तेव्हा आरी एव्हेग्रून नावाच्या नावाड्याने आपले जहाज धीराने त्या भगदाडासमोर आडवे नेऊन बसविले. पाण्याची वाट अडली व मोठा अनर्थ टळला. त्या जागी आज या घटनेचे स्मारक आहे.

या आपत्तीनंतर डचांनी समुद्राच्या मुखांवर प्रचंड बांध व दरवाजे उभारण्याचे काम हाती घेतले. त्यांतील पूर्वेकडच्या स्खेल्ड खाडीवरील बांधाचे दरवाजे एरवी उघडे असतात व वादळातच मिटतात. त्यामुळे खाडीतील मासे व शिंपले यांचे जीवन अबाधित राहते. हा बांध १९८६ मध्ये पुरा झाला.

या देशात बांधांची देखभाल करणारी जलमंडळे तेराव्या शतकापासून चालत आली आहेत. बांध एका ठिकाणी फुटला, तर पाणी श्रीमंताचे शेत व गरिबाचे शेत असा भेद करीत नाही. म्हणून प्रत्येकाने आपला वाटा उचलावयाचा, हा नियम तेथील लोकांनी फार पूर्वीच ओळखला. कालव्यावरून शांतपणे सरकणाऱ्या नावेत बसलेल्या प्रवाशास ही जागरूकता दिसत नाही; पण त्याच्या डोळ्यांपुढचे ते रम्य चित्र तिच्याच बळावर टिकून आहे.