लेबल झाकून घेतलेला घोट



‘चांगली व्हिस्की कुठली?’ हा प्रश्न मला गेली पंधरा वर्षं विचारला जातोय. बंगळुरूत राहतो, घरात दोन-चार देशी-परदेशी बाटल्या असतात, एवढ्या भांडवलावर आमच्या गोतावळ्यात मी जाणकार ठरलोय. त्यातली सात वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: मेहुण्यानं दुबईहून आणलेली, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, अठरा वर्षं मुरलेली एक बाटली. तिचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नाही. ती माझी ‘आवडती’ होती. वर्षातून दोनदा कपाटातून निघायची आणि निघाली की मी तिच्यावर भाषण द्यायचो.

मग एका शनिवारी मी तिला चार ग्लासांत शेवटचा नंबर दिला. कसा, ते सांगतो, कारण स्वतःची आवड शोधायची रीत मला तिथेच कळली.

आमची चौघांची बैठक असते. मी सोलापूरचा, एक इंदूरचा, एक बेळगावचा आणि एक हैदराबादेत वाढलेला. चौघं घरी मराठी बोलतो, चौघांचं मराठी वेगळं. इंदूरवाल्याच्या यकृताच्या तपासणीत गडबड निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे एक थेंबही नको. त्यानं त्याच दिवशी बंद केली. आम्ही काय केलं? त्याला बोलवायचं बंद केलं. मुद्दाम नाही, ‘उगाच त्याला कशाला त्रास’ असं म्हणत म्हणत. वर्षभरानं त्याचाच फोन आला. ‘प्यायला नाही, ओतायला येतो यार. तुम्हाला न दाखवता ओततो, बघू काय कळतं तुम्हाला.’

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्याला व्यसन नव्हतं. असतं, तर मी त्याला ओतायलाही येऊ दिलं नसतं. तुमच्या ओळखीत कुणी सोडायची धडपड करत असेल, तर त्याच्यासमोर हे खेळ करू नका.

तर तो आला. स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं आणि चार-चार ग्लास भरून आणले. माझ्या बायकोच्या टिकल्यांच्या पाकिटातून चार रंगांच्या टिकल्या काढून त्यानं ग्लासांच्या बुडाला चिकटवल्या होत्या. लाल म्हणजे कुठली, हिरवी म्हणजे कुठली, ते फक्त त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर. आम्ही वास घेतला, चव घेतली, एकमेकांशी न बोलता कागदावर लिहिलं. निळ्या टिकलीपुढे मी लिहिलं, ‘पातळ. जुन्या कपाटाचा वास. लगेच संपते.’ ती माझी आवडती होती. पहिला नंबर दिला होता तो अमृतच्या ‘फ्यूजन’ला, जी माझ्या घरापासून गाडीनं तासाभराच्या अंतरावर तयार होते.

मी भांडलो, हे कबूल करतो. ‘तू ग्लास बदललेस’ इथपर्यंत गेलो. पुढच्या शनिवारी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

आता हे माझ्या एकट्याच्या जिभेचं अपयश नाही, एवढा दिलासा मला नंतर मिळाला. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी नाकाला काय हुंगायचं ते सांगून टाकलं होतं. व्हिस्कीत तर हा धोका जास्तच, कारण स्कॉच व्हिस्कीत रंगासाठी साधं कॅरॅमल घालायला कायद्यानं परवानगी आहे. गडद म्हणजे जुनी, गडद म्हणजे भारी, हा आपला समज त्या कॅरॅमलवरही उभा असू शकतो. त्यात बाटलीचं वजन, किंमत, आणणाऱ्याचं कौतुक. माझ्या बाबतीत मेहुण्याचं दुबईही आलं.

म्हणून पहिली अट एकच. ग्लासात काय आहे हे पिणाऱ्याला माहीत नसावं. बाकीच्या गोष्टी सोयीच्या आहेत. महागडे ग्लास लागत नाहीत. तोंडाशी थोडा निमुळता असलेला कुठलाही छोटा काचेचा ग्लास चालतो, फक्त सगळे सारखे हवेत. ओतल्यावर वर बशी झाका, म्हणजे वास उडत नाही. माप म्हणून आम्ही खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं झाकण वापरतो, त्यावर १५ मिलीची रेघ असते. चार ग्लास म्हणजे एकूण ६० मिली, दोन लहान पेग, आणि त्यावर दोन तास सहज जातात. पाचवा ग्लास ठेवू नका. जीभ तोवर थकलेली असते आणि डोकं स्वतःला हुशार समजायला लागलेलं असतं.

चकण्याबद्दल मात्र वाईट बातमी आहे. मसाला शेंगदाणे, फरसाण, तळलेले बोंबील, सगळं नंतर. मध्ये कोरडी पोळी किंवा पावाचा तुकडा आणि साधं पाणी. त्या खोलीत उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको. बेळगावकर एकदा कुंदा घेऊन आला होता. त्या संध्याकाळी आम्हाला चारही व्हिस्क्या कडू लागल्या.

वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका, ओठ किंचित उघडे ठेवा, म्हणजे अल्कोहोलचा झटका कमी बसतो. पहिल्या घोटावर मत देऊ नका. पहिल्या घोटाला फक्त जळजळ कळते. तोंड सरावलं की दुसऱ्या घोटाला चव कळते. आणि पाणी घाला, अगदी निःसंकोच. ‘नीट पितो तोच खरा’ ही बढाई आहे. स्कॉटलंडमध्ये मिश्रण ठरवणारे अनुभवी लोक नमुने हुंगण्यासाठी पाणी घालून साधारण २० टक्क्यांपर्यंत उतरवतात. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं (हा जुन्या ब्रिटिश मोजणीतला ७५ अंशांचा आकडा). तिच्या १५ मिलीत साधारण १७ मिली पाणी घातलं की तुम्ही तिथे पोहोचता. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर रेणूंचं गणित मांडून दाखवलं, की व्हिस्कीला धुरकट वास देणारं ग्वायाकोल अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना पृष्ठभागाजवळ राहतं आणि ते ५९ टक्क्यांच्या वर असेल तर आत दडतं. म्हणजे पाण्यानं वास वर येतो, हा जुन्यांचा अनुभव अगदीच हवेतला नव्हता. आम्ही ड्रॉपरनं थेंब थेंब घालतो. बर्फ मात्र नको. गारठ्यात वास मिटतात.

आता कुठल्या चार घ्यायच्या? इथे बहुतेक जण चुकतात. चार नावाजलेल्या बाटल्या घेतात आणि मग कळत नाही की आवडलं ते नेमकं काय. एका वेळी एकच गोष्ट बदलली पाहिजे. उदाहरणार्थ धूर. गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या पॉल जॉनची ‘ब्रिलियन्स’ घ्या, तिच्यात पीटचा धूर नाही. तिच्याच घरची ‘एडिटेड’ घ्या, तिच्यात हलका आहे. आणि ‘बोल्ड’ घ्या, ती चांगलीच धुरकट. तिन्ही एकाच कारखान्याच्या, तिन्ही ४६ टक्के. या तीन ग्लासांत तुम्हाला तुमच्याबद्दल जे कळेल, ते दहा लेख वाचून कळणार नाही.

पीट म्हणजे दलदलीत शेकडो-हजारो वर्षं कुजून साठलेली झाडपाल्याची माती. ती वाळवून जाळतात आणि त्या धुरात मोड आलेलं बार्ली वाळवतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लॅफ्रॉइग, आर्डबेग, लॅगाव्हुलिन या त्यासाठी प्रसिद्ध. इंग्रजी पुस्तकं या वासाला समुद्री शेवाळ आणि इस्पितळ म्हणतात. मला ते कधी पटेना. मग इंदूरवाल्यानं एक ग्लास हुंगला आणि म्हणाला, ‘अरे, ही तर बाळाची धुरी!’ बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा-वावडिंगाची देतात ती. त्या दिवसापासून मला पीट कळला. तुमचे शब्द तुमच्याच घरातले वापरा. माझ्या वहीत ‘गुळाची ढेप’, ‘भिजवलेली खारीक’, ‘नव्या छत्रीचं कापड’, ‘शाळेच्या बाकाचं वॉर्निश’ असं लिहिलेलं आहे. ते दुसऱ्याला कळायची गरज नाही. सहा महिन्यांनी मला कळलं म्हणजे झालं.

धुरानंतर लाकूड. अमेरिकन बर्बन कायद्यानं आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपांतच मुरवावी लागते, त्यामुळे ती वापरलेली पिंपं जगभर जातात आणि त्यांत मुरलेल्या व्हिस्कीला व्हॅनिला, नारळ, मध अशा छटा येतात. शेरी या स्पॅनिश वाइनची पिंपं मनुका, खारीक, अंजिराकडे नेतात. हरियाणातली ‘इंद्री त्रिणी’ बर्बन, फ्रेंच वाइन आणि शेरी अशी तीन प्रकारची पिंपं वापरते. मला वाटायचं मी शेरीवाला माणूस. लेबल झाकल्यावर सलग तीन बैठकांत मी बर्बनच्या पिंपाला वर ठेवलं. हैदराबादकराचं बरोबर उलटं निघालं.

आणि वय. ‘अठरा वर्षं’ या आकड्यानं मला सात वर्षं फसवलं, म्हणजे मीच फसलो. पिंपातून दरवर्षी काही व्हिस्की उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा साधारण दोन टक्के. बंगळुरूत तो दहा-बारा टक्क्यांच्या घरात जातो. गणित करा: वर्षाला अकरा टक्के गेले तर पाच वर्षांत पिंप जवळजवळ अर्ध्यावर येतं, दोन टक्क्यांनी बारा वर्षांतही तीन चतुर्थांशापेक्षा जास्त उरतं. उष्णतेनं लाकडाचा अर्कही लवकर उतरतो. म्हणून आपल्याकडची चार-पाच वर्षांची माल्ट आणि तिकडची बारा वर्षांची यांचे आकडे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. जगदाळे कुटुंबानं १९४८ साली बंगळुरूत सुरू केलेल्या अमृतनं आपली सिंगल माल्ट २००४ साली आधी ग्लासगोत विकायला काढली, भारतात नंतर आणली. भारतीय गिऱ्हाईक लेबल वाचून पितो, हे त्यांना पुरतं ठाऊक असावं, असा माझा आपला अंदाज.

एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे ‘व्हिस्की’ नावानं विकलं जाणारं पुष्कळसं पेय साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटवर उभं असतं, त्यात थोडी माल्ट मिसळतात. युरोपात त्याला व्हिस्की म्हणता येत नाही, तिथे धान्यच लागतं. सोलापूरच्या माणसाला मळीचा तिरस्कार करणं शोभत नाही, पण तुलना करताना हा फरक माहीत असावा. आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा: गुजरात-बिहारात दारूबंदी, गोव्यात वयाची अट अठरा, महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी पंचवीस आणि परवाना. बाटली सीमेपार नेण्याआधी तिथला नियम बघा.

यानंतर आमच्या इंदूरवाल्यानं जरा क्रूर खेळ काढला. तीन ग्लास, त्यातले दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखा. नुसत्या अंदाजानंही तीनात एकदा बरोबर येतंच. सलग तीनदा नशिबानं येण्याची शक्यता सत्तावीसात एक. दोन स्कॉच ब्लेंड होत्या, त्यातली एक मी ‘कधीच पिणार नाही’ असं सांगत फिरायचो. सहा फेऱ्या झाल्या. माझे दोन बरोबर, म्हणजे तितकेच जितके नुसता अंदाज करणाऱ्याचे आले असते. बेळगावकराचे पाच. तेव्हापासून त्या दोघींपैकी मी स्वस्त असेल ती घेतो आणि त्यावर बोलत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय की दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. ज्यांनी सुरुवात केलेली नाही त्यांना मी हे ऐकून सुरुवात करा असं म्हणणार नाही. आमच्यापुरतं सांगायचं तर आधी महिन्यातून चार बैठका व्हायच्या, सोडा ओतून, टीव्ही बघत. आता एक होते, ६० मिलीची.

त्या अठरा वर्षांवालीची एक तृतीयांश बाटली अजून कपाटात आहे. गेल्या महिन्यात मेहुणा आला होता, त्यालाही टिकल्यांच्या खेळात बसवलं. त्यानं तिला पहिला नंबर दिला, न बघता. जाताना मी ती बाटली त्याच्या पिशवीत घातली. इंदूरवाला स्वयंपाकघरात ग्लास विसळत होता, तिथूनच ओरडला, ‘तिचा वास मला आवडायचा, मला विचारायचं तरी!’ मग मेहुण्यानं पिशवी उघडली, औषधाच्या झाकणानं १५ मिली मोजून एका छोट्या बाटलीत काढलं आणि वर ‘फक्त हुंगण्यासाठी’ असं लिहून ती फ्रीजवर ठेवली.