चालू आहे का?

ऑपरेशन थिएटरमधली माझी जागा ठरलेली आहे. भिंतीला टेकून, सक्शन मशीनच्या अलीकडे. तिथून पेशंटचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो बाजूच्या फळीवर पसरलेला डावा हात, आणि हिरव्या कापडांच्या मधोमध मनगटाच्या वर घेतलेला तीन-चार सेंटिमीटरचा छेद. भूल तेवढ्याच जागेला दिलेली असते, पेशंट पूर्ण जागा असतो. मधूनच कापडाआडून आवाज येतो, "डॉक्टर, अजून किती वेळ?" सर्जन मान वर न करता म्हणतात, "झालंच काका, शेवटचे टाके."

मी डॉक्टर नाही. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया विभागात रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, त्यांच्या हातात डायलिसिससाठी 'फिस्टुला' करतात. त्या फिस्टुलांचं पुढे काय होतं, याची नोंद ठेवणं हे माझं काम.

फिस्टुला म्हणजे धमनी आणि शीर यांची मुद्दाम घालून दिलेली गाठ. आधी शीर मोकळी करतात, तिच्या बारीक फांद्या रेशमी दोऱ्याने बांधतात, टोक कापतात आणि हेपरिन मिसळलेलं सलाइन आत सोडून ती फुगवून पाहतात. शेजारची धमनी दोन्ही बाजूंनी 'बुलडॉग' नावाच्या इवल्याशा चिमट्यांनी दाबली जाते. तिच्या अंगाला सहा-आठ मिलिमीटरची चीर देतात आणि शिरेचं टोक त्या चिरेवर शिवतात. दोरा 7-0 प्रोलीनचा, केसाहून बारीक. निळा असतो म्हणून दिसतो तरी. सर्जनच्या चष्म्यावर भिंगं असतात. मला उघड्या डोळ्यांनी दिसतं ते फक्त त्यांच्या मनगटाचं वळणं, सुई दिसत नाही.

शेवटची गाठ बसली की चिमटे निघतात. फिकट पडलेली शीर क्षणात भरते, ताठ होते. टाक्यांतून दोन-चार थेंब येतात, गॉज दाबून ठेवला की थांबतात. मग सर्जन शिरेवर बोट ठेवतात, आणि थिएटरमधले सगळे नकळत गप्प होतात. "थ्रिल आहे. लिहा, मॅडम." मी वेळ लिहिते.

थ्रिल म्हणजे बोटाला जाणवणारी थरथर. धमनीतलं जोरकस रक्त कमी दाबाच्या शिरेत घुसतं, त्याची ती खूण. पुस्तकं तिला मांजराच्या गुरगुरण्याची उपमा देतात. बारामतीकडच्या एका काकांनी मला त्याहून चांगली दिली: "मोटर चालू असताना पाइपाला हात लावा ताई, तस्सं."

हा उपद्व्याप का करायचा? डायलिसिसचं यंत्र मिनिटाला 200 ते 300 मिलिलीटर रक्त ओढतं, तेही चार-चार तास, आठवड्यातून दोन-तीनदा. साधी शीर तेवढं देऊ शकत नाही. धमनी देऊ शकते, पण ती खोल असते आणि तिच्यात पुन्हा पुन्हा जाड सुया खुपसता येत नाहीत. मनगटाच्या धमनीतून एरवी मिनिटाला 20-30 मिलिलीटर रक्त वाहतं. शिरेची वाट मोकळी करून दिली की तेच कित्येक पटींनी वाढतं, आणि त्या ओघाखाली वरची शीर आठवड्यांगणिक रुंद आणि जाड होत जाते.

यंत्र आधी आलं, ही वाट बऱ्याच नंतर सापडली. नेदरलँड्समधल्या कांपेन गावात विलेम कोल्फ यांनी 1943 साली सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवणारं यंत्र चालवलं. पण दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि काही खेपांत हातापायांवरच्या जागा संपून जात. 1960 साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी धमनी आणि शिरेत टेफ्लॉनच्या नळ्या बसवून त्या कातडीबाहेर एकमेकींना जोडून ठेवल्या. त्यांचे पहिले पेशंट क्लाइड शील्ड्स त्यानंतर 11 वर्षं जगले. तरी बाहेर राहिलेली नळी म्हणजे जंतूंना उघडं दार, शिवाय ती गुठळीने तुंबायची. शेवटी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रेशिया आणि सिमिनो या दोन डॉक्टरांनी नळीच वगळायचं ठरवलं. 19 फेब्रुवारी 1965 रोजी त्यांचे सर्जन सहकारी अपेल यांनी मनगटाजवळ धमनी आणि शीर थेट एकमेकींना शिवली. 1966 साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. मी थिएटरमध्ये पाहते ती त्याच शस्त्रक्रियेची धाकटी बहीण. त्यांनी दोन्ही वाहिन्या कुशीला कूस लावून जोडल्या होत्या, आता शिरेचं टोक धमनीच्या कुशीला लावतात.

आमच्या विभागात एक लहानशी खोली आहे. तिला सगळे 'लॅब' म्हणतात. शनिवारी दुपारी तिथे नवे रेसिडेंट शिवण शिकतात. खाटकाकडून आणलेली बोकडाची धमनी ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून ठेवलेली असते. पहिला धडा दिशेचा: धमनीच्या भिंतीतून सुई आतून बाहेर काढायची, म्हणजे आतलं नाजूक अस्तर भिंतीला दाबलं जातं, सुटून रक्ताच्या वाटेत लोंबत नाही. दुसरा धडा मागच्या भिंतीचा. समोरचा टाका घेताना सुईने मागची भिंत पकडली की वाहिनी तिथेच शिवून बंद. शिकवणारे सर सलाइन भरलेली सिरिंज लावून दाबतात. पाणी पलीकडून निघालं नाही की काही बोलत नाहीत, फक्त कात्री पुढे करतात. टाके उसवायचे, पुन्हा घालायचे.

ही मागच्या भिंतीची कटकट शंभर वर्षांहून जुनी. 1894 साली फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिऑन शहरात सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर फाटली होती आणि ती शिवणं तेव्हा कुणालाच जमत नव्हतं. त्याच शहरातल्या अलेक्सिस कॅरेल या तरुण डॉक्टरने मग भरतकाम करणाऱ्या बाईकडे बारीक सुईचे धडे घेतले. 1902 साली त्याने आपली रीत छापली: वाहिनीच्या कडेला तीन टाके घालून ते ताणायचे, गोल तोंडाचा त्रिकोण होतो, एक एक सरळ बाजू शिवत जायची. मागची भिंत आपोआप सुईपासून दूर राहते. 1912 साली कॅरेलला नोबेल मिळालं. आमच्या लॅबमधली रेसिडेंट मुलगी तिसऱ्या शनिवारी पाणी पलीकडे पोहोचवते, तेव्हा ती याच त्रिकोणाच्या आधाराने.

लॅबच्या दुसऱ्या टोकाला मायक्रोस्कोप आहे. शिरेचं कापून टाकलेलं टोक कचऱ्यात जात नाही. पेशंटची लेखी संमती असेल तर फॉर्मलिनच्या बाटलीत जातं, वर नाव न लिहिता कोड नंबर. पुढे त्याचा पातळ छेद रंगवला की लवचिक तंतू काळे दिसतात, कोलॅजन लाल. बंद पडलेला फिस्टुला दुरुस्त करताना काढलेला तुकडा शेजारी ठेवला तर फरक मलाही कळतो. शिवलेल्या जोडाच्या जवळच शिरेचं आतलं अस्तर भाकरीसारखं जाड झालेलं असतं आणि रक्ताची वाट सुईच्या नेढ्याएवढी उरलेली असते. टाका चुकलेला नसतो. शिरेला सवय नसलेला दाब आणि तिथे उठणारे भोवरे, यांना उत्तर म्हणून भिंतीतल्या स्नायुपेशी आत सरकून वाढत राहतात. थिएटरमध्ये शिवणीने साधलं होतं, बिघडलं ते नंतर, कुणाच्या नजरेसमोर नसताना.

म्हणून "थ्रिल आहे" या दोन शब्दांवर माझ्या फॉर्मचं फक्त पहिलं पान भरतं. दुसरं पान सहा आठवड्यांनी. तेव्हा सोनोग्राफीवर तीन सहा शोधतात: मिनिटाला 600 मिलिलीटर प्रवाह, 6 मिलिमीटर रुंदी, आणि कातडीखाली 6 मिलिमीटरहून कमी खोली. तिसऱ्या पानावर एकच प्रश्न, आणि माझ्या लेखी तोच खरा: या फिस्टुलातून डायलिसिस झालं का? की तोवरच्या डायलिसिससाठी मानेत घातलेली नळी अजून तिथेच आहे?

नेमकं काय मोजायचं, यावर अख्ख्या अभ्यासाचा निकाल फिरतो. अमेरिकेत 877 पेशंटवर झालेला एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. फिस्टुला केल्यावर क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारं औषध दिलं तर फायदा होतो का, हे तपासायचं होतं. सहा आठवड्यांत गुठळी होण्याचं प्रमाण 19.5 टक्क्यांवरून 12.2 वर आलं. एवढंच मोजलं असतं तर औषध जिंकलं असतं. पण डायलिसिसच्या कामी न येणारे फिस्टुला औषध घेणाऱ्यांत 61.8 टक्के निघाले, न घेणाऱ्यांत 59.5. वाहिनी उघडी राहिली, उपयोगी मात्र पडली नाही. उलटा अनुभव ग्लासगोचा. तिथे 126 पेशंटपैकी निम्म्यांना फक्त छेदाच्या जागी भूल दिली, निम्म्यांचा अख्खा हात बधिर केला. कुणाला काय, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. तीन महिन्यांनी अख्खा हात बधिर केलेल्यांत 84 टक्के फिस्टुला चालू होते, दुसऱ्या गटात 62. हात बधिर झाला की वाहिन्या सैलावतात, बहुधा त्याचा फायदा. 2016 साली हा निकाल आला. शिवण तीच असतानाही भुलेच्या सुईने एवढा फरक पडतो, हे तीन महिने थांबल्याशिवाय कुणाला दिसलं नसतं.

थांबायचं म्हणजे फोन करायचे. मंगळवार आणि शुक्रवारची दुपार माझी. वही उघडायची, यादी लावायची आणि विचारायचं, "काका, फिस्टुला चालू आहे का? हात लावून बघा बरं." पलीकडे शांतता. मग, "वाजतोय ताई." मी खूण करते.

दर वेळी असं होत नाही. एकदा एका काकूंनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "ते गेले, दिवाळीच्या आधी." काय बोलावं ते सुचेना. त्याच पुढे म्हणाल्या, "पण हात चालू होता हो शेवटपर्यंत." हे वाक्य माझ्या फॉर्ममध्ये बसतं. अभ्यासाच्या आलेखावर रेघ पायरी-पायरीने उतरते. फिस्टुला बंद पडला की एक पायरी. चालू फिस्टुला घेऊन माणूस गेला तर पायरी पडत नाही, रेघेवर छोटीशी उभी खूण येते. कॉन्फरन्सच्या पडद्यावर त्या खुणा कुणी निरखून पाहत नाही. मी पाहते.

सगळ्यात वाईट म्हणजे बंद लागणारा नंबर. तीनदा, चारदा, नातेवाइकाचा नंबर, मग डायलिसिस सेंटरला फोन. तरी पत्ता लागला नाही तर लिहायचं, 'लॉस्ट टु फॉलो-अप'. असे लोक हिशेबातून गळाले की आकडे देखणे दिसतात, कारण गळणारे बहुतेकदा तेच असतात ज्यांचं बरं चाललेलं नसतं. एक आजोबा असेच हरवले होते. दोन महिन्यांनी स्वतःच आले. गावाजवळच्या एका दवाखान्यात तापासाठी गेले असता त्याच हाताला सलाइन लावलं होतं. रात्रीतून थरथर थांबली. "तुम्हाला काय तोंड दाखवायचं, म्हणून फोन नाही उचलला," ते म्हणाले. माफी त्यांनी मागायची नव्हती. मी वही उघडली, तारीख विचारली, कारण लिहिलं.

ब्राँक्सच्या डॉक्टरांनीही आपले न चाललेले फिस्टुला लपवले नव्हते. म्हणून पुढच्यांना कुठे दुरुस्ती करायची ते कळलं.

घरात कुणाच्या हाताला फिस्टुला असेल तर त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका. रोज सकाळी बोट ठेवून थरथर पाहा. थांबली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि रुग्णालयातून माझ्यासारख्या कुणाचा फोन आला तर उचला. बंद पडला असेल तर तेही सांगा. आमच्या वहीत त्याला जागा आहे.