सशुल्क अभ्यासक्रमांच्या चित्रफितींची सुरक्षितता : साठवणूक, किल्ली आणि वॉटरमार्क

जुलै २०२० मध्ये पनवेल येथे योट्टा कंपनीचे ‘एनएम-१’ हे भव्य डेटा सेंटर सुरू झाले. टाळेबंदीमुळे महाविद्यालये बंद असण्याचा आणि प्राध्यापकांची व्याख्याने चित्रमुद्रित होऊन इंटरनेटवर जाण्याचा तोच काळ होता. असे केंद्र गावाजवळच असता, सशुल्क अभ्यासक्रमाच्या चित्रफिती तेथे ठेवल्या की त्या सुरक्षित झाल्या, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि तो अपुरा आहे. डेटा सेंटर वीज खंडित होणे, आग आणि परक्यांचा शिरकाव यांपासून संरक्षण देते. शुल्क भरून रीतसर प्रवेश करणारा सभासद चित्रफीत उतरवून घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर वाटू लागला, तर त्यास ते अडवू शकत नाही.

यूट्यूबवरील ‘अनलिस्टेड’ चित्रफीत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा मार्ग होय. ती शोधात सापडत नाही, परंतु दुवा हाती असलेल्या कोणासही पाहता येते. सर्व्हरने प्रत्येक सभासदास थोड्या मुदतीचा स्वतंत्र दुवा देणे, ही त्याहून बरी व्यवस्था. मात्र त्या मुदतीतही फाईल उतरवता येतेच.

अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेल्या ‘एचएलएस’ पद्धतीत चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे करून ते ‘एईएस’ कूटलेखनाने बंद करता येतात. जाहिरातीतील ‘एनक्रिप्टेड’ या शब्दामागे पुष्कळदा एवढेच असते. येथे कुलूप मजबूत आहे, पण किल्ली सभासदाच्या ब्राउझरला उघडपणे दिली जाते आणि ती टिपणारी साधने सहज मिळतात. डीआरएम, म्हणजे डिजिटल हक्क व्यवस्थापन, या पद्धतीत किल्ली ब्राउझरच्या अथवा उपकरणाच्या बंदिस्त भागात जाते. वेबपानावरील प्रोग्रॅमला ती दिसत नाही. क्रोम व अँड्रॉइडसाठी गूगलचे वाइडवाइन आणि सफारी व आयफोनसाठी अ‍ॅपलचे फेअरप्ले, अशी दोन्हींची सोय पुरवठादाराकडे आहे काय, हे तपासावे लागते. एक नसेल तर त्या विद्यार्थ्यांसाठी असंरक्षित वाट ठेवावी लागते व गळती तेथूनच होते.

डीआरएमही सर्वसमर्थ नव्हे. समोर दुसरा मोबाइल धरून केलेल्या चित्रीकरणापुढे ते हतबल ठरते. तेथे पडद्यावर जागा बदलत राहणारा, सभासद क्रमांक दाखविणारा वॉटरमार्क उपयोगी पडतो. त्याने प्रत निघणे थांबत नाही. ती कोणाकडून निघाली हे कळते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक तंत्रयोजना भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. भेदण्यासाठी मुळात योजना असावी लागते. साध्या दुव्याच्या बाबतीत या कलमाचा आधार घेणे अवघड.

दहा व्याख्यानांच्या अल्पशुल्क अभ्यासक्रमास डीआरएमचा खर्च परवडेलच असे नाही. मुदतीचा दुवा, एका वेळी एकच लॉगिन आणि वॉटरमार्क तेथे पुरेसे आहेत. स्पर्धा परीक्षेच्या वर्षभराच्या वर्गाची गोष्ट निराळी. निवड कोणतीही असो, मूळ फाईलींची एक प्रत महाविद्यालयाकडे ठेवावी आणि करार संपल्यावर पुरवठादाराने आपल्या सर्व्हरवरील चित्रफिती परत देऊन तेथून पुसून टाकाव्यात, ही अट आधीच लेखी घ्यावी.