दुकानासाठी नवा संगणक : विंडोज १० घ्यावी की विंडोज ११?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा कापडाच्या गावांत जिचा हिशेब संगणकावर नाही अशी पेढी आता क्वचितच सापडेल. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात माल पाठविण्यासाठी ई-वे बिल आले. ज्यांनी तोवर कळफलकाला हात लावला नव्हता त्यांनाही तेव्हा संगणक घ्यावा लागला. त्या वेळी घेतलेली यंत्रे आता थकली आहेत. ती बदलताना व्यापारी बंधू एकच प्रश्न विचारतात : नव्या यंत्रावर सवयीची विंडोज १० असावी की विंडोज ११?

आम्ही संगणकाचे तज्ज्ञ नाही. आमची शाळा उर्दू माध्यमाची आणि धंदा कापडाचा. परंतु या बाबतीत आम्ही एकदा मोठी ठेच खाल्ली आहे, म्हणून चार गोष्टी सांगण्याचे धाडस करतो.

विंडोज म्हणजे काय?

पेढीवर मालक असतो, माल असतो, गिऱ्हाईक असते. पण या सर्वांमध्ये उभा राहून काम चालविणारा दिवाणजी असतो. संगणकात विंडोज हे काम करते. हिशेबाचा प्रोग्राम, प्रिंटर, इंटरनेट हे सर्व तिच्यामार्फत चालते. दिवाणजी कच्चा असेल तर तिजोरी कितीही भक्कम असली तरी उपयोग नाही.

विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली आणि विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी. या दोहोंतील खरा फरक दिसण्यातला नाही. खरा फरक असा की, मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल बंद केली.

देखभाल बंद म्हणजे नेमके काय?

यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. पूर्वीसारखेच चालते, आणि फसगत होते ती इथेच. आमचा पुतण्या म्हणतो, "चाचा, चालतंय तर बदलायचं कशाला?" प्रश्न वाजवी आहे, म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे.

कोणत्याही विंडोजमध्ये फटी असतात आणि त्या वर्षानुवर्षे सापडत राहतात. कंपनी दर महिन्याला दुरुस्ती पाठवते व फट बुजवते. देखभाल संपली की फटी सापडणे थांबत नाही, फक्त बुजविणारा थांबतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या किडीने सुमारे दीडशे देशांतील संगणक बाधित केले. फायलींना कुलूप लावायचे आणि किल्लीसाठी खंडणी मागायची, हा तिचा प्रकार. ज्या फटीतून ती शिरली तिची दुरुस्ती कंपनीने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती त्यांचे नुकसान झाले.

"अँटिव्हायरस आहे ना!" असे काही जण म्हणतात. अँटिव्हायरस हा गोदामाचा राखणदार आहे. राखणदार असावाच, पण दरवाजाची कडी तुटलेली असेल तर ती राखणदाराने बसत नाही.

आमची ठेच

आमच्या पेढीवर विंडोज ७ होती. तिची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी संपली. आम्ही म्हटले, चालते आहे, चालू द्या. २०२१ साली एका सकाळी दुकान उघडले, संगणक सुरू केला, तर खतावणीची एकही फाईल उघडेना. पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. बॅकअप होता, पण तो पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह रात्रंदिवस त्याच यंत्राला लावलेला. त्यालाही कुलूप लागले. कीड कोणत्या वाटेने शिरली ते आम्हाला शेवटपर्यंत नक्की कळले नाही. पण दार आम्हीच उघडे ठेवले होते, एवढे खरे.

चार महिन्यांची उधारी आम्ही कच्च्या चिठ्ठ्या, ट्रान्सपोर्टच्या पावत्या आणि गिऱ्हाइकांच्या इमानदारीवर पुन्हा उभी केली. बहुतेकांनी आपली बाकी स्वतःहून सांगितली. काही रकमा मात्र बुडाल्या. त्याहून जास्त बोच अशी की, ज्या विणकरांचे आम्ही देणे लागत होतो त्यांना आपला आकडा आम्हाला पटवून द्यावा लागला. खतावणी ही केवळ आपली मालमत्ता नाही. ती दुसऱ्याची अमानत आहे.

जुन्या विंडोजच्या बाजूने काय सांगता येते?

न्यायाने पाहिले तर तीन कारणे पुढे येतात.

पहिले, जुने प्रोग्राम. भरतकामाच्या यंत्रांचे डिझाइन करणारे, लग्नपत्रिका छापणारे, जॅकार्डचे नमुने काढणारे अनेक कारागीर जुन्या प्रोग्रामवर काम करतात. त्यातील काहींना डोंगल म्हणजे कुलपाची खुंटी लावावी लागते. इथे नियम असा : ३२-बिटचे प्रोग्राम विंडोज ११ वर साधारणतः चालतात. डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातील १६-बिटचे प्रोग्राम चालत नाहीत, कारण विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते. डोंगलचा ड्रायव्हर मिळतो की नाही हे प्रोग्राम विकणाऱ्याला खरेदीपूर्वी विचारावे.

दुसरे, जुना प्रिंटर. ज्यांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जुन्या रुंद पॅरलल पोर्टवर चालतो त्यांना नव्या यंत्रावर बहुधा ती जागाच सापडणार नाही. ही अडचण विंडोजची नसून यंत्राची आहे. वेगळे कार्ड बसवावे लागेल किंवा यूएसबीचा प्रिंटर घ्यावा लागेल. हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

तिसरे, किंमत. बाजारात मोठ्या कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक स्वच्छ करून विकले जातात. ते स्वस्त असतात व त्यावर बहुधा विंडोज १० असते. यांपैकी पुष्कळ यंत्रे विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. ओळखण्याची खूण सोपी आहे. इंटेलच्या कोअर प्रोसेसरचा नंबर पाहावा. 'आय ५-६५००' असेल तर तो सहाव्या पिढीचा, 'आय ५-८५००' आठव्या आणि 'आय ५-१०४००' दहाव्या पिढीचा. थोडे अपवाद सोडता विंडोज ११ साठी आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. शिवाय टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा भाग लागतो. काही कारागीर ही अट चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढवून देतात. पण अशा यंत्राला पुढे दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही.

मुदतवाढीचे काय?

कंपनीने विंडोज १० साठी मुदतवाढ जाहीर केली. घरगुती वापराच्या संगणकांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सांगितली गेली. संस्थांसाठी पैसे भरून तीन वर्षे, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत. संस्थांचा दर पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट : ६१, १२२, २४४. तीन वर्षांची बेरीज ४२७ डॉलर होते. चांगल्या जुन्या यंत्रावर वेळ काढण्यासाठी मुदतवाढ ठीक आहे. परंतु नवे यंत्र घेऊन त्यावर मुदत संपलेली विंडोज बसविणे म्हणजे नव्या गाळ्याला जुने गंजलेले कुलूप लावणे होय.

आणखी एक गोष्ट. विंडोज जुनी झाली की बाकीचे प्रोग्रामही तिची साथ सोडतात. गुगलच्या क्रोम ब्राउझरने २०२३ च्या सुरुवातीस विंडोज ७ साठी नवी आवृत्ती देणे थांबविले. आपले विवरणपत्र, बँक, ई-वे बिल सर्व ब्राउझरवरच चालते. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला ब्राउझर रुसला तर दंड आपल्यालाच भरावा लागतो.

नवी विंडोज घेताना सावधगिरी

आमचे मत असे की, नवे यंत्र घ्यायचे तर विंडोज ११ घ्यावी. पण डोळे झाकून नव्हे.

१) कंपनीने किमान ४ जीबी रॅम सांगितली आहे; ती नावापुरती समजावी. ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी.

२) काही लॅपटॉपवर 'एस मोड' असतो. त्यात कंपनीच्या स्टोअरबाहेरचा प्रोग्राम बसत नाही, म्हणजे आपला हिशेबाचा प्रोग्रामही अडू शकतो. हा मोड विनामूल्य काढता येतो. काढल्यावर पुन्हा लावता येत नाही.

३) सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते. ते दुकानाच्या ई-मेलवर उघडावे, नोकराच्या किंवा विक्रेत्याच्या नव्हे. पुष्कळ नव्या यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली त्या खात्यात राहते. खाते हरवले तर खतावणी हरवण्याची भीती. ती किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी.

४) बिलावर विंडोजचा परवाना लिहून घ्यावा. "टाकून देतो" म्हणणाऱ्याची नक्कल घेऊ नये. त्यात दुरुस्त्या बंद केलेल्या असू शकतात, किडीही लपलेल्या असतात. आणि आपल्या कापडाचे मोल कोणी बुडवलेले आपल्याला चालते काय?

५) विंडोज ११ च्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीलाही घरगुती व प्रो प्रकारात २४ महिन्यांचीच मुदत असते. म्हणून दुरुस्त्या बंद करू नयेत. आपली आवृत्ती कोणती हे पाहण्यासाठी शोधपट्टीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही सहा अक्षरे टाईप करून एंटर दाबावे.

जुन्या यंत्राचे काय करावे?

ज्या कारागिराचा डिझाइनचा प्रोग्राम फक्त जुन्या यंत्रावर चालतो त्याने ते भंगारात काढू नये. त्याचे इंटरनेट कायमचे काढून टाकावे आणि त्यावर फक्त डिझाइन करावे. बँक, ई-मेल, जीएसटी नव्या यंत्रावर. फाईल नेण्यासाठी एक वेगळा पेन ड्राइव्ह राखून ठेवावा व नव्या यंत्रावर तपासून मगच वापरावा.

हिशेब नव्या यंत्रावर नेताना घाई करू नये. दोन्ही यंत्रांवर तेरीज काढून आकडा न आकडा जुळवावा. जुळेपर्यंत जुन्या यंत्रातील काहीही पुसू नये. आणि बॅकअप दोन ठिकाणी ठेवावा, त्यातील एक घरी. काम झाले की तो यंत्रापासून काढून ठेवावा.

आमच्या पेढीवर दर जुम्याला दुकान बंद करताना पुतण्या पेन ड्राइव्ह लावतो, बॅकअप घेतो आणि काढून आमच्या हातात देतो. तो आम्ही घरी नेतो. पाच मिनिटांचे काम आहे. ते न केल्यामुळे २०२१ साली आम्हाला चार महिन्यांची उधारी लोकांच्या दारोदार जाऊन विचारावी लागली होती.