दुसऱ्या फळीतला माणूस
खेळ हाच पेशा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण रग्बी युनियनमधल्या १५ जागा आणि त्यांची कामं पाहिली. त्यातल्या एका जागेवर १७ वर्षं पाय रोवून उभा राहिलेल्या खेळाडूची कारकीर्द आज पाहू. हा खेळाडू म्हणजे वेल्सचा अ‍ॅलन विन जोन्स. वेल्सकडून १५८ आणि ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संयुक्त संघाकडून, म्हणजे ब्रिटिश अँड आयरिश लायन्सकडून १२, असे एकूण १७० कसोटी सामने तो खेळला. पुरुषांच्या रग्बीत तोवर कुणीही इतकी मजल मारलेली नव्हती.

वेल्सची लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास आहे. आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात याहून जास्त माणसं राहतात. एवढ्याशा देशात रग्बी हा खाणकामगारांचा, पोलाद कारखान्यातल्या मजुरांचा, शाळामास्तरांचा खेळ म्हणून वाढला. ऑगस्ट १९९५ पर्यंत रग्बी युनियनमध्ये खेळण्याचे पैसे घेणं नियमबाह्य होतं. ज्याला खेळावर घर चालवायचं असेल त्याला उत्तर इंग्लंडमध्ये रग्बी लीग हा पैसे देणारा वेगळा प्रकार खेळायला जावं लागे. जोनाथन डेव्हिससारखा वेल्सचा कर्णधारही १९८९ मध्ये याच वाटेनं विडनेस या लीग क्लबात गेला. व्यावसायिक खेळाला मान्यता मिळाल्यावर जुन्या क्लबांना पगाराचा बोजा पेलवेना. मग २००३ मध्ये वेल्सनं क्लब एकत्र करून प्रादेशिक संघ उभे केले. नीथ आणि स्वान्सी मिळून ऑस्प्रीज झाला. जोन्स स्वान्सीचा. १९८५ मध्ये त्याचा जन्म झाला आणि वेल्समधली त्याची सगळी व्यावसायिक कारकीर्द या एकाच संघात गेली.

त्याची जागा लॉकची, म्हणजे दुसऱ्या फळीतली. स्क्रममध्ये दोन्ही लॉक एकमेकांना घट्ट धरतात, पहिल्या फळीतल्या तिघांच्या कमरांमध्ये डोकी खुपसतात आणि सगळा जोर पायांतून पुढे लावतात. समोरून प्रतिस्पर्धी आठ जण रेटत असतात. कानांची लाही होते. म्हणून कित्येक जण डोक्याभोवती टेप गुंडाळून उतरतात, तरी वर्षानुवर्षं घासून कान सुजतात आणि वेडेवाकडे होतात. लाइनआऊटला, म्हणजे बाजूरेषेवरून चेंडू आत फेकला जातो तेव्हा, हाच माणूस उंच उडी घेतो, दोन सहकारी त्याला मांड्यांना धरून वर उचलतात आणि तो हवेत चेंडू झेलतो. खाली येताच त्याच्यावर धडका बसतात. एका सामन्यात हे पुन्हा पुन्हा घडतं. धावफलकावर त्याचं नाव क्वचितच लागतं, पण गुण मिळवणाऱ्याच्या हाती चेंडू पोचतो तो याच्या कष्टांमुळे.

जून २००६ मध्ये अर्जेंटिनातल्या प्वेर्तो माद्रिनला त्यानं पदार्पण केलं. १८६५ मध्ये वेल्समधून निघालेले वसाहतकरी जिथे उतरले, तेच हे गाव. पुढे २००८, २०१२ आणि २०१९ अशी तीन ग्रँड स्लॅम, म्हणजे सिक्स नेशन्स स्पर्धेतले सगळे सामने जिंकून मिळवलेली विजेतेपदं त्यानं पाहिली. तिसऱ्या वेळी तो कर्णधार होता. खेळता खेळता त्यानं स्वान्सी विद्यापीठातून कायद्याची पदवीही घेतली. हे फार महत्त्वाचं आहे. पस्तिशीच्या आसपास संपणाऱ्या धंद्यात पुढची सोय आधीच करावी लागते.

२६ जून २०२१ रोजी एडिंबरामध्ये लायन्स आणि जपान यांच्यातला सामना सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच कर्णधार जोन्सचा खांदा निखळला. लायन्सचा दक्षिण आफ्रिका दौरा त्याच्यासाठी संपल्यातच जमा होता. पण तीन आठवड्यांनी, १७ जुलैला, तो केपटाऊनमध्ये पुन्हा मैदानात उतरला आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या तिन्ही कसोटी खेळला. तेव्हा त्याचं वय ३५ होतं. त्याच्या जिद्दीला सलाम करायलाच हवा. मात्र अशा जिद्दीवर विसंबून कुठल्याही संघटनेनं आपला कारभार चालवू नये.

वेल्समध्ये नेमकं तेच झालं. राष्ट्रीय संघाच्या सामन्यांवर वेल्श रग्बी युनियनची तिजोरी भरते आणि प्रादेशिक संघ मात्र पैशांसाठी तिच्या तोंडाकडे पाहतात. २०२३ च्या सुरुवातीला दोघांचा निधीचा करार रखडला होता. जूनमध्ये अनेक खेळाडूंचे करार संपणार होते आणि नवे करार हाती नव्हते. परदेशी क्लबात जावं, तर वेल्सकडून ६० सामने खेळल्याशिवाय राष्ट्रीय संघाचं दार बंद. अखेर २५ फेब्रुवारीच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यावर बहिष्काराचा इशारा खेळाडूंनी दिला. सामन्याच्या तीन दिवस आधी तडजोड झाली, ६० ची अट २५ वर आली आणि खेळाडू मैदानात उतरले. हातावर पोट असल्यासारखी अस्वस्थता देशाच्या पहिल्या संघात होती, हे लक्षात घ्यायला हवं.

त्याच वर्षी मे महिन्यात जोन्सनं आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्ती घेतली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, ऑस्प्रीजमधला त्याचा जुना सहकारी आणि २००८ च्या ग्रँड स्लॅमचा कर्णधार रायन जोन्स यानं वयाच्या ४१ व्या वर्षी आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं जाहीर केलं होतं. डोक्यावर बसलेल्या धडकांचा हिशेब निवृत्तीनंतर असा समोर येतो. अनेक माजी खेळाडूंनी रग्बी संघटनांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आहे.

१७० हा आकडा विक्रमांच्या यादीत राहील. माझ्या मते, त्याच्याकडे पाहताना कौतुकाइतकीच जबाबदारीही आठवली पाहिजे. जो खेळाडू देशासाठी शरीर झिजवतो, त्याला वेळेवर करार, दुखापतीनंतर पुरेशी विश्रांती आणि निवृत्तीनंतर वैद्यकीय आधार मिळणं हा त्याचा हक्क आहे. तो देण्याची ऐपत नसेल, तर त्या संघटनेला व्यावसायिक म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.

(पुढील लेखांकात : डोक्याच्या दुखापती आणि रग्बीचे बदलते नियम)