कापडव्यापाऱ्याचे भिंग आणि पडद्यावरील ऊती

नेदरलँड्समधील डेल्फ्ट या गावी सतराव्या शतकात आंतोनी व्हान लेव्हेनहूक नावाचा एक कापडव्यापारी होता. धाग्यांची वीण पारखण्यासाठी त्या काळचे कापडव्यापारी भिंग वापरीत. याने स्वतःच भिंगे घासली आणि कापड बाजूला ठेवून पाण्याचा थेंब, रक्त, स्नायू, जे हाती येईल ते न्याहाळले. जे दिसले ते लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रांनी कळविले. शरीराच्या सूक्ष्म रचनेचे शास्त्र उभारणाऱ्यांत आपल्यासारखा एक दुकानदार आहे, हे मला सुखावते. या शास्त्राची परिभाषाही विणकामातलीच! इंग्रजी ‘टिश्यू’ हा विणलेल्या वस्त्राच्या फ्रेंच शब्दावरून आला, तर आपला ‘ऊती’ विणणे या अर्थाच्या संस्कृत धातूवरून.

आपल्या घरातील जी मुले आज वैद्यकीय शिक्षणाकडे वळतात, त्यांना पहिल्याच वर्षी हा विषय भेटतो. केसापेक्षा दहा-बारा पटींनी पातळ असा ऊतीचा काप काचपट्टीवर घेऊन रंगवितात. त्यातील हिमॅटॉक्सिलीन हा रंग मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या गाभ्यातून निघतो. एके काळी त्याने कापड रंगवीत. पेशीकेंद्रे निळी-जांभळी होतात आणि दुसऱ्या रंगाने, इओसिनने, उरलेला भाग गुलाबी. विद्यार्थी वहीत याच दोन रंगांच्या पेन्सिलींनी आकृत्या काढतात.

अडचण अशी की, साध्या सूक्ष्मदर्शकातून एका वेळी एकानेच पाहावे लागते. शिक्षक सांगतात ते आणि विद्यार्थी पाहतो ते एकच आहे, याची खात्री कोणी द्यावी? शिवाय काचपट्ट्या फुटतात, रंग विटतात आणि वर्ग सुटला की कपाटाला कुलूप लागते.

यावर अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या अध्यापकांनी संपूर्ण काचपट्टीचेच अंकीय चित्र करून ते महाजालावर ठेवले आणि खऱ्या व आभासी काचपट्ट्या एकत्र वापरण्याच्या पद्धतीविषयी २००२ साली लिहिले. बँकेच्या सवयीने मी हिशेब मांडला. २० मिलिमीटर लांब व १५ मिलिमीटर रुंद काप, आणि प्रत्येक बिंदू पाव मायक्रॉनचा धरला, तर एका चित्रात ४८० कोटी बिंदू होतात. एवढे ओझे घरच्या संगणकाला पेलणार नाही. म्हणून नकाशाच्या संकेतस्थळांप्रमाणे चित्राचे लहान चौकोन पाडतात व जेवढे पाहायचे तेवढेच पाठवितात. विद्यार्थी दुरून संपूर्ण मूत्रपिंड पाहतो, मग जवळ जात एका नलिकेच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. नावे झाकून स्वतःची परीक्षा घेतो. चुकला तर लगेच कळते. एकच उत्तम काचपट्टी हजारोंना वर्षानुवर्षे पुरते. पुष्कळ नमुने प्राण्यांच्या ऊतींचे असतात, त्यामुळे आपल्या वाचकांना ही काटकसर विशेष वाटेल.

तरीही माझे मत सावध आहे. खातेदाराची सही ओळखणे एकच नमुना घोकून येत नाही. शेकडो सह्या, थरथरत्या हाताच्यासुद्धा, पाहाव्या लागतात. पडद्यावरचे यकृत सदैव तेच, स्वच्छ आणि सुरेख. त्याने चित्र पाठ होते, ऊती ओळखता येईलच असे नाही. बहुतेक अंकीय चित्रे एकाच पातळीवर टिपलेली असतात. भिंग खालीवर करून जाडी शोधण्याचा हात त्यांतून घडत नाही. आपल्याकडे २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमातही ऊती सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची अपेक्षा आहे. सरावासाठी पडदा आणि पारखण्यासाठी काचपट्टी, अशी जोडी मला योग्य वाटते.

तेव्हा मूल रात्री अकरा वाजता पडद्यावर जांभळे-गुलाबी ठिपके सरकवीत बसले, तर रागावण्याआधी ते काय आहे हे विचारावे. आणि शुल्काचा धनादेश लिहिण्यापूर्वी महाविद्यालयाला दोन प्रश्न जरूर करावेत: प्रात्यक्षिकाच्या वेळी एका सूक्ष्मदर्शकामागे विद्यार्थी किती, आणि काचपट्ट्यांचा अंकीय संग्रह घरून उघडता येतो का?