काट्यानं काटा, तोही थेंबाथेंबानं

मान न हलवता नजर छताकडे लावा आणि तशीच ठेवा. मिनिटभरानं काय होईल? तुम्हाआम्हाला काही नाही. पण मायस्थेनिया ग्रेव्हिस झालेल्या माणसाची पापणी दुकानाच्या शटरसारखी हळूहळू खाली सरकते. जेवता जेवता जबडा दमतो. सकाळी सहज उचललेला तांब्या संध्याकाळी जड होतो.

असं का? नस स्नायूला चिकटलेली नसते. मधे एक सूक्ष्म फट असते. नस तिथं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते, पलीकडचे रिसेप्टर ते झेलतात आणि स्नायू आखडतो. या आजारात, बहुतेकांच्या बाबतीत, शरीराच्याच अँटिबॉडी त्या रिसेप्टरवर जाऊन बसतात.

नुसत्या बसत नाहीत, ‘चोर, चोर’ म्हणून ओरडतात! रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची टोळी धावून येते. तिच्यातलं सी-५ दुभंगतं, त्याच्या तुकड्याभोवती इतर प्रथिनं कडं करतात आणि स्नायूच्या आवरणाला भोक पडतं. केवढं? मिलिमीटरचा साधारण लाखावा भाग! राखणदारच घराची भिंत फोडतात.

यावरचं एक औषध म्हणजे पुन्हा अँटिबॉडीच! एक्युलिझुमॅब. अमेरिकेत या आजारासाठी त्याला २०१७ साली मंजुरी मिळाली. सुरुवातीचे आठवडे सरले की दर पंधरवड्याला १२०० मिलिग्रॅम, सलाईनसारखं थेंब थेंब शिरेतून. एवढ्याशा औषधात रेणू किती? जवळपास पाचावर अठरा शून्यं! प्रत्येकाला दोन हात, आणि दोन्ही हातांना काम एकच: सी-५ला धरायचं, दुभंगू द्यायचं नाही.

खरी गंमत पुढेच. शास्त्रज्ञांनी या रेणूच्या लांब साखळीतले फक्त चार मणी बदलले आणि रॅव्ह्युलिझुमॅब तयार झालं. पेशीच्या आतल्या आंबट पिशवीत शिरलं की ते सी-५ला तिथंच सोडतं आणि रिकाम्या हातांनी रक्तात परततं, पुढचं सी-५ धरायला! पंधरवड्याची फेरी आठ आठवड्यांवर गेली.

मूळ खोडकर अँटिबॉडी मात्र तशाच राहतात. फक्त त्यांच्या हाकेवर भिंत फुटत नाही. पण हेच सी-५ एरवी मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकस जंतूलाही भोकं पाडत असतं. म्हणून तातडी नसेल, तर पहिल्या थेंबाच्या किमान दोन आठवडे आधी त्या जंतूविरुद्धची लस टोचून घ्यावी लागते.